सतरा नंबरचा पाना

बुधवार, दिनांक ३० सप्टेंबर १९९८. सकाळचे नऊ वाजून दहा मिनिटे. वाघदरा मध्यम प्रकल्पाच्या वाहनशाळेत पाटावर मांडलेल्या हत्यारांची संख्या एकवीस होती. आठपासून बत्तीसपर्यंतचे पाने, दोन पकडी, तीन पेचकस, एक हातोडी आणि एक चाकाचा जॅक. प्रत्येकावर हळदीकुंकवाची बोटे उमटलेली होती. मी ती सवयीने मोजली.

"मोजू नका सायेब," केरबा घुगे म्हणाला. "पुजेतली वस्तू मोजत नसत्यात. एक तर कमी भरती, न्हाई तर भांडण लागतं."

"भांडारपालाकडून हत्यारे घेतली की मोजायची असतात, केरबा."

"मंग उद्या मोजा. आज ती देवाची हायती, भांडारपालाची न्हाईत."

त्या दिवशी खंडेनवमी होती. शस्त्र असो, नांगर असो वा पाना, ज्याच्या जिवावर माणूस पोट भरतो त्याची त्या दिवशी पूजा होते. पूजा झाली की दुसऱ्या दिवशी दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नसतो. आमच्या वाहनशाळेत हा रिवाज माझ्या बदलीच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता. केरबा त्याचा पुजारी. वय छप्पन्न, नोकरी सव्वीस वर्षांची, आणि अपघात शून्य. हा आकडा तो स्वतःच्या नावाआधी सांगत असे.

पूजेसाठी त्याने आपली जीप सजवली होती. बॉनेटवर झेंडूची माळ, चाकांखाली लिंबे, काचेवर कुंकवाचे स्वस्तिक. पण त्याला मला दाखवायचे होते ते वेगळेच. त्याने बॉनेट उघडले आणि चार पावले मागे सरून उभा राहिला.

आतले सगळे लोखंड चांदीच्या रंगात न्हाऊन निघाले होते. चासिस, बॅटरीची बैठक, पट्ट्या, बोल्ट, सगळे. तीन संध्याकाळी खपून, स्वतःच्या खर्चाने रंगाचा डबा आणून त्याने एकेक भाग सोडवला होता, गंज घासला होता, रंग दिला होता आणि पुन्हा जागच्या जागी बसवला होता.

"कसं हाय?"

"सुंदर आहे," मी म्हणालो, आणि ते खरेच होते. मग माझी नजर बॅटरीखाली गेली. बॅटरीची ऋण बाजू एका जाड पट्टीने चासिसला जोडलेली असते. ती पट्टी जिथे बोल्टने आवळलेली असते ती जागा उघडे, घासलेले लोखंड असायला हवी. तिथेही रंग होता. पट्टीच्या खाली रंग, बोल्टच्या माथ्याखाली रंग.

"केरबा, ही पट्टी सोडवून रंग दिलास?"

"मंग? वरून वरून फासला असता तर काय अर्थ हुता? ततंच तर गंज जास्त हुता."

"इथे रंग चालत नाही. लोखंडाला लोखंड लागले पाहिजे. बोल्ट सोडव, खाली पॉलिश पेपर मार आणि पुन्हा आवळ. सतरा नंबरचा पाना लागेल."

केरबाने पाटाकडे पाहिले. समईच्या उजेडात सतरा नंबरचा पाना सोळा आणि एकोणीसच्या मध्ये पडला होता. त्याच्यावर एक झेंडूची पाकळी होती.

"सायेब, आज पान्याला हात लावायचा नसतो. उद्या सकाळी शिलंगणाच्या आधी करून टाकतो. तवर कुटं जायाचंय जीप?"

त्याने मला पटवून देण्यासाठी सेल मारला. जीप एकदा कण्हली, मग दुसऱ्यांदा कण्हली आणि सुरू झाली. रोज ती एका ठिणगीत सुरू होत असे.

"बगा," केरबा म्हणाला. "रंगानं काय अडलं का?"

मी पेढा घेतला आणि कार्यालयात गेलो. तेव्हा नऊ वाजून पंचवीस मिनिटे झाली होती.

*

ती जीप साधी जीप नव्हती, हे इथे सांगायला हवे. आधीच्या वर्षी आम्ही धरणाचे दरवाजे उघडले, तेव्हा तिरवंडी नदीच्या पात्रात चरणाऱ्या अकरा म्हशी वाहून गेल्या होत्या. म्हशींच्या जागी माणसे असती तर काय, असा प्रश्न विधानसभेपर्यंत गेला आणि आमच्या तिन्ही जीपना वायरलेस संच मंजूर झाले. पद्धत अशी ठरली की दरवाजे उघडण्यापूर्वी एक जीप नदीकाठाने खालपर्यंत जाईल, पात्रात कोणी आहे का ते पाहील आणि तिथूनच नियंत्रण कक्षाला कळवील. कोणी असेल तर दरवाजे थांबतील.

संच बसवण्याचे काम माझ्याकडे आले. मी तंत्रनिकेतनातून विद्युत शाखेची पदविका घेतलेला कनिष्ठ अभियंता. कंपनीच्या पुस्तिकेतली दोन पाने मी तीन वेळा वाचली. संचाची वीज किल्लीच्या खटक्यातून किंवा दिव्यांच्या तारेतून उसनी घ्यायची नाही. थेट बॅटरीपासून आणायची. लाल आणि काळी, दोन्ही तारा थेट. दोन्हींना फ्यूज, तोही बॅटरीपासून वीतभर अंतरावर, संचाजवळ नव्हे. कारण मधल्या मधे तार कुठे खरचटली तर तिला वाचवणारे काहीतरी आधी असायला हवे. पत्र्यातून तार जिथे आत शिरते तिथे रबरी कडे, म्हणजे पत्र्याची धार तिला कापणार नाही. हे सगळे केल्याचे मी लिहून दिले. ऑगस्टच्या तेरा तारखेला तिन्ही जीपची प्रमाणपत्रे लिहिली आणि खाली सही केली: रा. भि. टाकसाळे.

*

दुपारी अडीच वाजता उपअभियंता मुळावेकर साहेबांनी मला नियंत्रण कक्षात बोलावले. डोंगरात दुपारपासून पाऊस कोसळत होता. भिंतीवरच्या तक्त्यावर ते खडूने पाण्याची पातळी लिहीत होते.

"टाकसाळे, आवक दुप्पट झाली आहे. चारला दोन दरवाजे उघडतो. जीप पाठवा."

"ऑपरेटर सणाला गावी गेला आहे, साहेब. एक जीप विभागीय कार्यालयात, दुसरीचा चालक रजेवर."

"मग केरबाला घ्या आणि तुम्हीच बसा. संच तुम्हीच बसवलाय, चालवताही येत असेल की."

"चारच्या ऐवजी पाच चालतील का?"

त्यांनी खडू खाली ठेवला. ते चिडखोर गृहस्थ होते, पण बेफिकीर नव्हते. "पाच चालतील. साडेपाचसुद्धा ओढून नेईन. पण उगीच नाही. पात्रात माणूस दिसला तर कळवा, मी थांबतो. तुमचा निरोप नाही आला, तर पात्र मोकळे आहे असे समजून चारला उघडणार. गेल्या महिन्यात मी तुमच्या त्या ऑपरेटरची वाट पाहत बसलो होतो आणि तो जीपमध्ये झोपला होता. पाण्याला झोप येत नाही."

"समजले."

"मोठ्याने सांगा."

"निरोप नाही, तर चारला."

वाहनशाळेत केरबा नवा सदरा घालून तयार होता. मी आसनामागे हात घातला. हत्यारांची पिशवी तिथे नव्हती.

"पिशवी?"

"पाटावरच रिकामी केली की, सायेब. सगळी हत्यारं पुजायची असत्यात."

मी वाहनशाळेत शिरलो. समई अजून जळत होती. सतरा नंबरचा पाना माझ्यापासून हातभर अंतरावर होता. मी दैवभोळा माणूस नाही. यंत्रावर माझा विश्वास देवापेक्षा जास्त होता आणि आहे. पण दारात केरबा उभा होता. त्याने पायांतल्या चपला काढल्या. त्या उघड्या पायांसमोर मला तो पाना उचलता आला नाही. जीप सकाळी सुरू झाली आहे, आत्ताही होईल, असे मी मनाशी म्हणालो आणि बाहेर आलो.

जीप तिसऱ्या झटक्याला सुरू झाली. दोन वाजून छप्पन्न मिनिटे.

*

हिवरखेड्याची फरशी, म्हणजे नदीवरचा ठेंगणा पूल, धरणापासून पाच किलोमीटरवर. नदीकाठचा रस्ता म्हणजे काळ्या मातीची घसरगुंडी. आम्ही फरशीवर पोचलो तेव्हा तीन वाजून चोवीस मिनिटे झाली होती. फरशीवर एक कुत्रे आणि दोन बगळे. मी संच उचलला.

"नियंत्रण कक्ष, जीप एक. हिवरखेडा फरशी मोकळी आहे. ओव्हर."

पलीकडून मुळावेकर साहेबांचा आवाज आला. "टाकसाळे, काही कळत नाही. नुसती शिट्टी ऐकू येते. इंजिन बंद करून बोला."

ती शिट्टी मला माहीत होती. बॅटरीचा चासिसशी सांधा कच्चा असला की इंजिनावर फिरणाऱ्या जनित्राचा आवाज संचात शिरतो. सकाळच्या रंगाने मला दुसऱ्यांदा हाक मारली होती.

"बंद कर," मी केरबाला म्हणालो.

शांतता झाली. मी निरोप पुन्हा दिला. "आता स्वच्छ," साहेब म्हणाले. "पुढे नांद्याचा डोह पाहा आणि कळवा."

"सेल मार."

केरबाने किल्ली फिरवली. जीप नुसती कण्हली. दुसऱ्यांदा किल्ली फिरवली. कण्हणे लांबत गेले, आणि माझ्या गुडघ्यापाशी, डॅशबोर्डच्या खालून, जळत्या रबराचा वास आला. मी खाली वाकलो. माझी काळी तार, जी मी स्वतः मापून कापली होती, ती अंगभर फुगली होती. तिचे आवरण मेणासारखे टपकत होते आणि आत तांबे निखाऱ्यासारखे लाल होते.

"सोड! किल्ली सोड!"

त्याच क्षणी इंजिन सुरू झाले. मी खांद्यावरच्या टॉवेलने ती तार धरून उपसली. तळहात भाजला. संचाच्या पाठीमागून धुराची एक रेघ निघाली आणि संचावरचा हिरवा दिवा विझला.

तंत्रनिकेतनात आम्हाला हर्सूलकर सर शिकवायचे. पहिल्याच तासाला त्यांनी सांगितले होते: "वीज जाताना सगळ्यांना दिसते. ती परत कशी येते ते कोणी बघत नाही. पोरांनो, परतीची वाट बघा." सेल मारला की बॅटरीतून दीड-दोनशे अँपिअरचा प्रवाह निघतो, आणि निघालेला प्रवाह परत यावाच लागतो. त्याची हक्काची वाट म्हणजे ती जाड पट्टी आणि तो बोल्ट. ती वाट चांदीच्या रंगाने बुजली होती. सकाळी बोल्टच्या आट्यांवर कुठेतरी थोडे लोखंड लोखंडाला लागत होते. पाच किलोमीटरच्या धक्क्यांनी तेही सुटले. मग प्रवाहाने दुसरी वाट शोधली: जीपचा सांगाडा, सांगाड्यावर आवळलेला संच, आणि संचातून निघून थेट बॅटरीकडे जाणारी माझी बोटाएवढीसुद्धा जाड नसलेली काळी तार.

"संच?" केरबाने विचारले.

"गेला."

तीन वाजून सत्तावीस मिनिटे. केरबाने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले होते. रंगाने काय केले ते त्याला कळले होते, हे त्याच्या खाली गेलेल्या मानेवरून दिसत होते.

"मागं फिरू का, सायेब? चारच्या आत धरणावर जाऊ."

मागे फिरलो असतो तर चारला चार-पाच मिनिटे कमी असताना पोचलो असतो. डोह पाहिलेला नाही, एवढे जरी मी सांगितले असते, तरी मुळावेकर साहेब थांबले असते. हा हिशेब मी नंतर शेकडो वेळा केला आहे. त्या वेळी मी असे म्हणालो:

"पुढे चल. सणाच्या दिवशी डोहावर कोण असणार? पाहून घेऊ आणि मग परत. इंजिन मात्र कुठेही बंद करू नकोस."

*

नांद्याच्या डोहात मधोमध एक पसरट खडक आहे. तीन किलोमीटर जायला आम्हाला अठरा मिनिटे लागली. तीन वाजून पंचेचाळीस मिनिटांनी आम्ही काठावर उभे राहिलो, तेव्हा त्या खडकावर मेंढ्या होत्या. दीडशेच्या आसपास. आणि माणसे नऊ.

मेंढपाळांचे ते एकच कुटुंब होते. कर्ता पुरुष बिरू शिंगाडे, त्याची म्हातारी आई, बायको, धाकटा भाऊ मायाप्पा, त्याची बायको आणि चार पोरे. बिरूने मला हात केला. त्याला वाटले, साहेब मेंढ्या पाहायला आला आहे.

"इथे काय करताय?" मी ओरडलो.

"मेंढरं धुवायला आणली!" त्याचा आवाज पाण्यावरून तुटत तुटत येत होता. "आज कातरीला हात लावायचा न्हाई! परवा कातरायची! आज धून काढली!"

"बाहेर या! दरवाजे उघडणार आहेत!"

"सकाळी गुडघ्याला पानी हुतं सायेब! आता छातीला आलंय! वरचा नाला आलाय! उतरलं की येताव!"

"उतरणार नाही! वाढणार आहे!"

तो थांबला. आईकडे वळून त्याने काहीतरी सांगितले. म्हातारी उठून उभी राहिली आणि पुन्हा बसली. काठ आणि खडक यांच्यामध्ये पन्नास-साठ हात रुंद गढूळ पाणी होते, आणि त्याला ओढ होती.

"लेकरं हायती, सायेब!" बायकांपैकी एकीचा आवाज आला. "घंटाभर थांबवा की पानी!"

तासभर. धरणात तेवढी जागा होती. मुळावेकर साहेबांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. तेवढा वेळ मिळाला असता तर बोरगव्हाणातून दोर आणि पोहणारी माणसे आली असती. फक्त चार शब्द वरती जायला हवे होते: पात्रात माणसे आहेत, थांबा.

"बोरगव्हाणात फोन हाय," केरबा म्हणाला. "चार किलोमीटर. वाण्याच्या दुकानात."

"जा. इंजिन बंद पडू देऊ नकोस."

"तुमी?"

"मी इथे थांबतो. यांना एकटे सोडता येणार नाही."

तो गेला. तीन वाजून सत्तेचाळीस मिनिटे.

मी काठावरून ओरडत राहिलो. मेंढ्या सोडा, म्हणालो. बिरूने सोडल्या नाहीत. मग मायाप्पाने डोक्याचा पटका उलगडला, भावाचा पटका त्याला बांधला, त्याला एक लुगडे जोडले आणि टोक कमरेला गुंडाळून पाण्यात उडी घेतली. प्रवाहाने त्याला बरेच खाली नेले, पण तो काठाला लागला. मी त्याला ओढून घेतले. आम्ही दोघांनी ते टोक एका बाभळीच्या बुंध्याला बांधले. पलीकडे बिरूने ते खडकाच्या कपारीत अडकवले.

"सायेब, वाईच धरा," मायाप्पा म्हणाला. "रांड मोप लांब हाय, पर जुनी हाय." लुगड्याविषयी बोलत होता तो. दम लागलेला असतानाही हसला.

पहिली आली त्याची बायको. नंतर बिरूची थोरली मुलगी, दहा-अकरा वर्षांची, डोळे मिटून, दोरावर हात सरकवत. तिला काठावर घेताना तिचे दात वाजत होते आणि ती एकच वाक्य म्हणत होती, "आजीला सांगा, म्या पोचले. आजीला सांगा."

मी ओरडून सांगितले. म्हातारीने हात वर केला.

घड्याळात चार वाजून सोळा मिनिटे झाली होती. केरबा पोचला असेल, फोन लागला असेल, दरवाजे उघडलेच नसतील, असे मी धरून चाललो होतो. आता बिरू धाकट्या दोघांपैकी एकाला पाठीशी बांधत होता. पाठीवर गाठ मारताना त्याला वेळ लागत होता. बोटे ओली होती.

पाण्याचा आवाज आधी आला नाही. आधी मेंढ्या गप्प झाल्या. मग वरच्या वळणावर पाण्याचा रंग बदलला. फेस आणि काटक्यांची एक तपकिरी भिंत, कमरेएवढी, पळत्या माणसाच्या वेगाने, न थांबता येणारी. मायाप्पाने भावाला हाक मारली. बिरूने वर पाहिले, पाठीवरचे पोर सोडवून पुढे छातीशी घेतले आणि म्हातारीजवळ जाऊन बसला. एवढेच मी पाहिले. त्यानंतर खडक दिसेनासा झाला. पटक्याचा दोर बाभळीशी एकदा ताणला गेला आणि सैल पडला.

चार वाजून सव्वीस मिनिटे.

*

केरबा अंधार पडताना पायी परत आला. गुडघ्यापर्यंत चिखल, एका पायात चप्पल नाही. दीड किलोमीटरवरच्या ओढ्यात जीप बंद पडली होती. त्याने सात-आठ वेळा सेल मारला, कण्हणेसुद्धा येईना. बोल्ट त्याच्या समोर होता. त्याने तो हाताने फिरवून पाहिला, दगडाने ठोकून पाहिला, दाताने पट्टी ओढून पाहिली. त्याचा ओठ फाटला होता. मग तो पळत सुटला. फोन लागला तेव्हा चार वाजून सतरा मिनिटे झाली होती. मुळावेकर साहेबांनी दरवाजे तेव्हाच खाली घ्यायला लावले. ते ठरल्याप्रमाणे चारला उघडले होते.

"सायेब, तुमी सकाळीच मनला हुता," केरबा म्हणाला. 

*

चौकशी अकराव्या दिवशी विश्रामगृहात झाली. अधीक्षक अभियंता, एक लिपिक आणि समोर आम्ही. केरबावर ठपका लिहून तयारच होता: वरिष्ठांच्या परवानगीशिवाय शासकीय वाहन रंगवले, त्यामुळे विद्युत सांध्यात दोष निर्माण झाला. केरबाने तो ऐकला आणि मान डोलावली.

"वायरलेस संच कोणी बसवला?" अधीक्षकांनी विचारले.

"मी," मी म्हणालो.

त्यांनी माझे तेरा ऑगस्टचे प्रमाणपत्र पुढे केले. "यात लिहिले आहे, दोन्ही तारांना बॅटरीजवळ फ्यूज, पुस्तिकेनुसार. तरीही काळी तार जळाली? फ्यूज आधी जायला हवा होता. तो गेला असता तर नवा घालून पुन्हा बोलता आले असते. बरोबर?"

"बरोबर."

"मग फ्यूज का गेला नाही?" ते केरबाकडे वळले. "तू रंग देताना काळ्या तारेचा फ्यूज काढून टाकलास?"

केरबाने माझ्याकडे पाहिले. मला त्या क्षणी ऑगस्टमधली एक दुपार आठवली. तीन जीप, दोन्ही तारा, म्हणजे फ्यूजचे डबे सहा लागणार होते. खोक्यात तीनच आले होते. मी तिन्ही लाल तारांना लावले. केरबा बाजूला उकिडवा बसून बघत होता. "काळीला नको का, सायेब?" त्याने विचारले होते. मी म्हणालो होतो, "ती परतीची तार आहे. तिला काय होणार?" आणि प्रमाणपत्रात मी दोन्ही असे लिहिले होते, कारण उरलेले तीन डबे पुढच्या आठवड्यात यायचे होते. ते आले नाहीत. मी पुन्हा मागवले नाहीत.

केरबाला हे सगळे आठवत होते. ते त्याच्या डोळ्यांत होते. तो अधीक्षकांकडे वळला आणि म्हणाला, "हाव सायेब. म्याच काढला आसंल. आठवत न्हाई."

लिपिकाने लिहायला सुरुवात केली.

"थांबा," मी म्हणालो. "ते खोटे आहे. काळ्या तारेला फ्यूज नव्हताच. मी बसवला नव्हता. यानेच मला विचारले होते, आणि मी त्याला चूक सांगितले."

"सायेब," केरबा दबक्या आवाजात म्हणाला, "जाऊ द्या की. माझी दोन वर्षं राहिलीत. तुमची बारा."

"आणखी लिहा. बोल्टवरचा रंग मी त्याच दिवशी सकाळी सव्वानऊला पाहिला होता. दुपारी जीप निघताना पाना माझ्या हाताशी होता. मी उचलला नाही. डोह न पाहता परत फिरायचे याने सुचवले, मी नाही म्हणालो."

खोलीत पंखा फिरत होता. अधीक्षकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"तो बोल्ट सोडवून, घासून, पुन्हा आवळायला किती वेळ लागला असता?"

 अंदाजाने बोलायची ती जागा नव्हती. जीप बाहेर आवारात ओढून आणलेली होती. मी वाहनशाळेतून सतरा नंबरचा पाना मागवला. त्याच्यावर कुंकवाचा डाग अजून होता. केरबाने बॉनेट धरले. लिपिक घड्याळ घेऊन उभा राहिला. मी बोल्ट सोडवला, पट्टी बाजूला घेतली, पॉलिश पेपरने लोखंड पांढरे होईपर्यंत घासले, पट्टी बसवली, बोल्ट आवळला. केरबाने सेल मारला. जीप एका ठिणगीत सुरू झाली.

लिपिकाने दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि मी त्याखाली सही केली.

दुरुस्तीस लागणारा वेळ: तीन मिनिटे चाळीस सेकंद.

मृत: सहा.